पट्टीच्या आत पाय

मार्लीन ड्वोरॅकने आयुष्यातलं पहिलं मँगा उलटीकडून वाचलं, आणि वर ते तिला फार आवडलं. ओहायोतल्या आमच्या लायमा गावात ही गोष्ट अजूनही सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण तिला थोडं मीठमसाला लावतो. खरी गोष्ट एवढीच की, जपानी चित्रकथांचं पुस्तक आपलं संपतं त्या बाजूने सुरू होतं. चित्रंही उजवीकडून डावीकडे वाचायची. चुकून कुणी उलट्या बाजूने शिरलाच, तर तिथे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘थांबा! तुम्ही चुकीच्या दारातून आलात.’ मार्लीनने ते वाचलं. तिला वाटलं, ही पोरासोरांसाठी सूचना असणार. पन्नाशीच्या बाईला पुस्तक कुठून वाचायचं हे पुस्तक शिकवणार का? तिने पान उलटलं आणि नेटाने शेवटाकडून सुरुवातीपर्यंत सगळं वाचून काढलं.

‘नदीचे दोन काठ’ नावाच्या मालिकेचा तो पहिला भाग होता. सोकिची नावाचा एक नावाडी, आणि त्याचा थोरला भाऊ. ती पुस्तकांच्या दुकानात कामाला होती; दुसऱ्या दिवशी तिथे जमिनीवर बसलेल्या पोरांना मार्लीन म्हणाली, “छान आहे हो गोष्ट. भाऊ होडीतून परत येतो, दोघं जेवायला बसतात. माझे तर डोळेच भरून आले.”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातली रेनेल प्रूइट तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिखट तोंडाची होती. ती म्हणाली, “मिस मार्लीन, तो परत येत नाही. तो जातो. जेवण होतं, तो होडीत बसतो आणि पलीकडे निघून जातो. पुढची सगळी मालिका त्याच्यावरच तर आहे!”

“माझ्या पुस्तकात आला.”

“तुम्ही उलटं वाचलंत!”

“मग सुलट वाचणाऱ्यांचं नुकसान आहे,” मार्लीन म्हणाली आणि पुस्तकं लावायला निघून गेली. मागे पोरं गालिच्यावर लोळून हसत होती.

रेनेलने तिला नंतर नीट शिकवलं. पण मार्लीनची खोड गेली नाही. नवा भाग आला की आधी उलट्या बाजूने शेवटचं पान बघायचं, मग सुलट वाचायचं. आधी कळस, मग पाया. शेवट ठाऊक असला की मधलं सोसता येतं, असं ती म्हणे.

पुस्तकांच्या दुकानात येण्याआधी वीस वर्षं ती कापडाच्या दुकानात कापड फाडून द्यायची. ते दुकान बंद झालं आणि त्याच हिवाळ्यात तिचा नवरा अर्ल हृदयविकाराने गेला. मूलबाळ नव्हतं. मॉलमध्ये वेब्रिज बुक्स या मोठ्या साखळीचं दुकान होतं, तिथे तिला काम मिळालं. कादंबऱ्यांचा विभाग, बालविभाग, कॉफीचा कोपरा, सगळ्यांना वाली होते. मागे प्रसाधनगृहांजवळ मँगाची कपाटं होती, ती कुणालाच नको होती. म्हणाले, नवी आलीय ना, हिच्या गळ्यात मारा.

त्या कपाटांमध्ये पोरं जमिनीवर फतकल मारून बसत आणि पुस्तकंच्या पुस्तकं वाचून ठेवून देत. विकत घेत ती पैसे जमले की, म्हणजे क्वचित. पाय वाटेत पसरलेले असायचे. एकदा एक आजीबाई अडखळल्या, तेव्हा व्यवस्थापक ग्रँट टिलटसन चवताळून आला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी त्याची तक्रार होती. “घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर चालते व्हा, असं सांग त्यांना,” तो मार्लीनला म्हणाला.

“ग्रँट, मी कापड विकलंय,” मार्लीन म्हणाली. “बाई येते, बोटांत धरून बघते, जाते. पुन्हा येते, पुन्हा बघते. तिसऱ्यांदा घेते. हातच लावू दिला नाही तर ती घेईल का?”

“आणि पुन्हा कुणी पडलं तर?”

मार्लीनने भिंत रंगवताना वापरतात ती निळी चिकटपट्टी आणली आणि कपाटापासून हातभर अंतरावर गालिच्यावर सरळ रेघ ओढली. नियम एकच. पाय पट्टीच्या आत. पाय बाहेर दिसला तर पुस्तक बंद. मग ती दुकानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून नुसतं “पट्टी!” असं ओरडली की सटासट पाय आत जायचे. पट्टी झिजायची, ती नवी लावायची. पुन्हा कुणी अडखळलं नाही आणि ग्रँटने विषय सोडून दिला.

ती स्वतः मात्र कधी बसली नाही. नोकरांनी दुकानात बसायचं नाही असा साखळीचा नियम होता, आणि तिचे गुडघेही दुखरे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमले की ती कपाटाला टेकून उभी राहायची आणि पोरांच्या खांद्यावरून वाचायची.

पोरंच नव्हती तिथे. रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वेंडल हूबर नावाचा वेल्डर होता. बायकोला पथ्याच्या पाककृतींचं पुस्तक हवं होतं, ते आणायला आला आणि वाट बघताना ‘नदीचे दोन काठ’ चाळत बसला. बसला तो बसलाच. पोट एवढं की खाली बसल्यावर त्याला उठवायला दोन पोरं लागत. “क्रेन बोलवा रे,” तो म्हणायचा. थोरला भाऊ बुडून मेलाय असं त्याचं ठाम मत. रेनेल म्हणायची, जिवंत आहे, पण मुद्दाम येत नाही, माणसं अशीच असतात. तिचा बाप असाच गेलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. वाद विकोपाला गेला की दोघं मार्लीनकडे वळत.

“परत आला,” मार्लीन म्हणायची. “मी स्वतः पाहिलंय.”

शुक्रवारची ती संध्याकाळ म्हणजे मार्लीनचा संसार होता, दुसरा शब्द नाही. घरी गेल्यावर फ्रिजच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. पट्टीच्या आत बसलेल्या या माणसांच्या जिवावर तिने नऊ वर्षं काढली. मोठ्या शहरांतल्या शहाण्यांना वाटतं, पुस्तकांची दुकानं पुस्तकं विकण्यासाठी असतात.

मग वेब्रिज बुडाली. एकाएकी नाही, आधी पुस्तकं कमी होऊन मेणबत्त्या आणि टेडी बेअर आले, मग भाडी थकली. वर बसलेले साहेब उंटावरून शेळ्या हाकत होते. आपलं दुकान बंद होणार हे मार्लीनला कामावर येताना गाडीतल्या रेडिओवर कळलं. आठवड्याभरात माल फुंकून टाकणारी परकी माणसं आली. पिवळे फलक लागले, कपाटांवरसुद्धा ‘विकणे आहे’ची चिठ्ठी लागली. त्यांचा मुकादम लॉनी म्हणून होता. त्याने पहिल्या दिवशी गालिच्यावरची निळी पट्टी उपटून टाकली. मार्लीनने परत लावली. त्याने परत उपटली. तिने परत लावली.

“बाई, हे आहे तरी काय?” लॉनीने विचारलं.

“बसायची जागा.”

“दुकान बंद होतंय, कळतंय ना?”

“कळतंय. बंद झालं की काढ. तोवर बसू दे त्यांना.”

लॉनीने तिच्याकडे बघितलं आणि पट्टी राहू दिली. वाईट नव्हता तो. नंतर त्यानेच तिला मँगाचं बुटकं कपाट जवळजवळ फुकटात दिलं.

शेवटच्या शुक्रवारी वेंडलने ‘नदीचे दोन काठ’चे तेराही भाग उचलले. चौदावा, शेवटचा, शरद ऋतूत इंग्रजीत यायचा होता. मार्लीनने ते त्याच्या हातातून काढून घेतले.

“अख्खा संच कुणालाच मिळणार नाही. एकेकाने एकेक घ्यायचा.”

“मार्लीन, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“मधलाच भाग घेऊन मी काय करू?” रेनेल म्हणाली. तिच्या हाती सातवा आला होता.

“जपून ठेव. अख्खी गोष्ट घरात असली की माणूस दार लावून घेतो. तुकडा असला की उरलेली शोधत बाहेर पडतो. चौदावा आला की सगळे आपापला भाग घेऊन या, आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू.”

“कुठे?” वेंडलने विचारलं.

“जागा मी शोधते,” मार्लीन म्हणाली. पहिला भाग तिने स्वतः ठेवला. नऊ वर्षं पट्टीच्या आतल्या माणसांनी तिचं ऐकलं होतं, तसं याही वेळी ऐकलं. एकेक पुस्तक घेऊन एकेक जण गेला आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं.

शरद ऋतू आला, चौदावा आला नाही. वेंडलने प्रकाशकाला फोन लावून खरं काय ते काढून घेतलं. या प्रकाशकांची निम्मी पुस्तकं साखळीची दुकानं घ्यायची. दुकानं गेली, मागणी गेली, वर न खपलेला माल ट्रक भरभरून परत आला. त्यांनी भाषांतराचं कामच बंद केलं. त्या वर्षी कितीतरी मालिका अशा मध्येच तुटल्या. कुणाचा नायक डोंगराच्या अर्ध्यावर राहिला, कुणाचं लग्न मांडवात राहिलं. दुसरं मोठं दुकान तासाभराच्या रस्त्यावर. पोरं मग फोनवर कुणीतरी घाईत भाषांतर केलेली पानं वाचायला लागली, आपापल्या खोलीत, आपापल्या अंथरुणात. ‘नदीचे दोन काठ’ला तेवढंही कुणी विचारलं नाही.

मार्लीनच्या नणंदेची, डॉटची, नाणी टाकून कपडे धुवायची लाँड्री होती. मार्लीन तिथे कामाला लागली. खिडकीखाली तिने ते बुटकं कपाट ठेवलं, त्यात पहिला भाग उभा केला, आणि समोर फरशीवर निळी पट्टी ओढली.

“हे काय?” डॉट म्हणाली. “गिऱ्हाइकं म्हणतील, हिची भावजय वेडी झाली.”

“वेडी म्हणून का होईना, येतील ना?”

आला एकटा वेंडल, हातात मळकी पँट आणि पाचवा भाग. एवढीच दोन पुस्तकं कपाटात. मार्लीनने सगळ्यांना फोन केले. कुणाची रात्रपाळी होती, कुणी कोलंबसला गेलं होतं. रेनेल वृद्धाश्रमात नोकरीला लागली होती. “बघते, मिस मार्लीन,” ती म्हणाली. बघते म्हणजे नाही, हे मार्लीनला कळत होतं.

अख्खा हिवाळा तसा गेला. एका शुक्रवारी वेंडल म्हणाला, “सोड आता, मार्लीन. पोरं मोठी झाली. शेवटचा भाग येणार नाही. आणि तसंही तो भाऊ मेलाय.”

“तुझा मेला असेल,” मार्लीन फणकारली. पण तो गेल्यावर ती त्या दोन पुस्तकांकडे बघत राहिली आणि तिला खरोखर भीती वाटली. संच एकत्र असता तर निदान तेरा भाग कुणीतरी सलग वाचू शकलं असतं. माणसं जोडायला म्हणून तिने ते वाटले, आणि त्या वाटण्यानेच गोष्टीचे तुकडे झाले होते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता ती गोष्ट गावात कुणाकडेच नव्हती, आणि हे तिच्या हट्टापायी झालं होतं. त्या संध्याकाळी तिने पट्टी उपटायला हात घातला आणि अर्ध्यावर थांबली. उपटलेलं टोक तिने अंगठ्याने दाबून परत चिकटवलं.

वसंतात एक जपानी बाई भलंमोठं रजईचं बोचकं घेऊन आली. आमच्याकडे इंजिनांच्या कारखान्यामुळे जपानी कुटुंबं बरीच आहेत. या होत्या मिसेस कुवाबारा. रजई यंत्रात कोंबून झाल्यावर त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

“हे इथे? माझ्या भावाकडे सगळे भाग होते. शेवटी तो थोरला—”

“बोलू नका!” मार्लीन किंचाळली. तिच्या हातातला साबणाच्या भुकटीचा डबा खाली पडला. “एक अक्षर सांगू नका!”

बिचाऱ्या बाई घाबरल्या. त्यांना वाटलं, आपल्या हातून काही अपमान झाला. त्या वाकून वाकून क्षमा मागायला लागल्या आणि मार्लीन सांडलेल्या साबणात उभी राहून त्यांचीच क्षमा मागायला लागली. डॉट मागून म्हणाली, “आता दोघी वेड्या झाल्या.” मग मार्लीनने सगळं सांगितलं: दुकान, पट्टी, एकेक भाग, न आलेला चौदावा. मिसेस कुवाबारांनी कपाटातली दोन पुस्तकं हातात घेऊन बघितली. “मी भावाला लिहिते,” त्या म्हणाल्या. “आणि मी वाचून दाखवीन. माझं इंग्रजी चांगलं नाही.”

“आमचंही नाही,” मार्लीन म्हणाली.

काही आठवड्यांनी चौदावा आला, जपानीत. मिसेस कुवाबारांनी तो मार्लीनच्या हवाली केला. शुक्रवारला अजून पाच दिवस होते. ते पाच दिवस तो तिच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. तिच्यासमोर शेवट होता. तिला जपानी येत नव्हतं, पण चित्र बघायला भाषा कशाला लागते? उलटीकडून एक पान उघडलं की झालं. जन्माची खोड होती. पण मार्लीनने ते उघडलं नाही. हा शेवट एकटीने बघायचा नव्हता.

तिने पुन्हा सगळ्यांना फोन केले. “चौदावा आलाय. वाचून दाखवणारी बाई मिळालीय. तुझा भाग घेऊन ये. तो नसेल तर गोष्टीला भोक पडेल.”

शुक्रवारी संध्याकाळी लाँड्रीत वेंडल होता, मिसेस कुवाबारा होत्या, आणि कुणी नव्हतं. मार्लीन उगाच यंत्रं पुसत राहिली. मग दार ढकलून रेनेल आत आली, अंगावर वृद्धाश्रमाचा गणवेश, काखेत सातवा भाग.

“आजची ड्यूटी दुसरीला दिली मी,” ती म्हणाली. “भोक पडेल म्हणालात ना.”

तिच्यामागून तिसरा आला, मग नववा आणि दहावा एकदम, ते दोघं आता एकत्र राहत होते. चौथ्याच्या कडेवर लेकरू होतं. कपाट भरत गेलं. अकरावा मात्र आला नाही. तो घेतलेला मुलगा सैन्यात गेला होता, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मार्लीनने त्याच्या जागी बोटभर फट ठेवली आणि तेवढं आपण आठवून सांगू म्हणाली.

मिसेस कुवाबारांनी चपला काढल्या आणि त्या फरशीवर बसल्या. मागोमाग सगळे बसले, पाय पट्टीच्या आत. वेंडल बसताना यंत्राला धरून कण्हला. मार्लीन सवयीने कपाटाला टेकून उभी राहिली.

“मिस मार्लीन, बसा ना,” रेनेल म्हणाली.

“कामावर असताना बसायचं नाही.”

“कुणी सांगितलं?”

“दुकानाचा नियम आहे.”

“कुठल्या दुकानाचा?”

डॉट गल्ल्यावरून म्हणाली, “माझा असा काही नियम नाही बाई.” मग वेंडलने एक हात दिला, रेनेलने दुसरा दिला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मार्लीन ड्वोरॅक त्या माणसांच्या बरोबरीने खाली बसली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाय सरळ पुढे गेले, आणि तिथे हजर असलेला प्रत्येक जण एका सुरात ओरडला, “पट्टी!”

ती हसून रडली की रडून हसली, सांगता यायचं नाही. पाय तिने आत घेतले.

हाती असलेले बारा भाग त्यांनी आळीपाळीने वाचले, भरभर, आवडत्या पानांवर थांबत. अकरावा रेनेलने तोंडी सांगितला. मग मिसेस कुवाबारांनी चौदावा उघडला, योग्य बाजूने. एक वाक्य वाचायच्या, शब्द शोधायच्या, चित्र सगळ्यांकडे फिरवायच्या. सोकिची म्हातारा झाला होता. होडी विकायला काढली होती. मार्लीनने वेंडलच्या बाहीला धरून ठेवलं होतं.

शेवटच्या पानावर येऊन मिसेस कुवाबारा म्हणाल्या, “इथे शब्द नाहीत.” आणि त्यांनी पुस्तक वळवलं.

पहिल्या भागातलं घर होतं ते. तोच उंबरा. उंबऱ्याबाहेर चपलांचे दोन जोड. आत ताटावर दोन म्हातारी माणसं, आणि खाली काठाला लागलेली होडी.

रेनेल त्या चित्राकडे बघत राहिली, मग तिने मनगटाने डोळे पुसले.

“मिस मार्लीन,” ती म्हणाली, “तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत.”

“मी उलटं वाचलं होतं गं.”

वेंडलने टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. इतकी वर्षं त्या भावाला मेला म्हणणारा माणूस तो. म्हणाला, “सुलट वाचणाऱ्यांचं नुकसानच झालं म्हणायचं.”

कपडे वाळवणारी यंत्रं केव्हाच थांबली होती, तरी कुणी उठलं नाही. मार्लीनचे पाय पुन्हा पट्टीच्या बाहेर गेले होते, आणि या वेळी कुणी “पट्टी!” म्हणून ओरडलं नाही.